पाय बघा, हात नको!

"कबड्डीत बघायचं काय? एक जण आत जातो, सात जण त्याच्या अंगावर पडतात, खेळ खल्लास!" हे वाक्य मी हॉस्टेलमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी हा लेख लिहायचं ठरवलं. असं म्हणणाऱ्यांत आमच्या विंगमधल्या मुली आहेत, मेकॅनिकलचे दणकट गडी आहेत आणि जर्नल तपासता तपासता गप्पा मारणारे एक-दोन सरसुद्धा आहेत. तेव्हा सर, तुम्हीही वाचा. सबमिशनचा याच्याशी काही संबंध नाही, शप्पथ.

सुरुवातीलाच सांगते, मी काही कबड्डीच्या मातीत वाढलेली मुलगी नाही. मी मूळची कोल्हापूरची आणि शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथे मुलींना थ्रोबॉल आणि बास्केटबॉल. कबड्डी म्हणजे 'रफ गेम', चांगल्या घरच्या मुलींनी लांबून बघायचा. त्यामुळे मला आधी शब्दसुद्धा टीव्हीवरचेच येत होते. रेड, टॅकल, ऑल-आउट वगैरे. रत्नागिरीला ॲडमिशन घेतल्यावर कळलं की याला चढाई, पकड आणि लोण म्हणतात. भातकापणी उरकली, हवेत जरा गारवा आला की इकडे वाडीवाडीत मॅचेस लागतात. तांबड्या मातीचं मैदान, वर बल्बच्या माळा, लाउडस्पीकरवर अखंड कॉमेंट्री, आणि पहिल्या रांगेत चटईवर बसलेल्या आज्ज्या, ज्या कोपऱ्यातल्या खेळाडूला नावानिशी झापतात.

लांजा तालुक्यात मैत्रिणीच्या गावी अशीच एक मॅच बघत होते. चढाई करणाऱ्याचे हात कसे चालतात ते मी डोळे फाडून बघत होते. शेजारचे एक काका म्हणाले, "पोरी, हात कसले बघतेस? हात फसवायलाच असतात. पाय बघ." एवढंच. त्या एका वाक्याने मला हा खेळ दिसायला लागला. माझे आवडते खेळाडू कोण, आणि ते का आवडतात, हे सगळं त्या वाक्यावरूनच सांगता येतं.

आधी मैदान

खेळाडूंकडे जाण्यापूर्वी थोडी आकडेमोड करू, आपण इंजिनीअर आहोत ना!

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा. तिच्यापुढे आणखी १ मीटरवर बोनस रेषा. तिच्यामागे उरतात पावणेदोन मीटर. दोन्ही कडांना १-१ मीटरची लॉबी, जी कुणाचा तरी स्पर्श झाल्यावरच खेळात धरली जाते. म्हणजे झटापट सुरू होईपर्यंत रुंदी खरी ८ मीटरच.

चढाई ३० सेकंदांची. तेवढा वेळ तोंडाने 'कबड्डी कबड्डी' चालू पाहिजे. चढाई करणाऱ्याने एक तर कुणाला तरी हात-पाय लावायचा, नाही तर निदान रेषा ओलांडून परत यायचं. समोर सहा किंवा जास्त खेळाडू असतील तर बोनस रेषा ओलांडल्याचा एक गुण. त्या वेळी मागचा पाय हवेत हवा. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाईवाला बाद. समोर तीन किंवा कमी खेळाडू असताना त्यांनी पकड केली तर त्यांना एकाऐवजी दोन गुण, ती अव्वल पकड. सगळे बाद झाले की लोण, त्याचे दोन गुण जास्तीचे. आणि समोरचा एक खेळाडू बाद केला की आपला बाद झालेला एक खेळाडू आत येतो.

आता गंमत बघा. चढाई करणारा निदान रेषेवर उभा असतो तेव्हा त्याचं घर ३.७५ मीटर मागे असतं. बोनस रेषेवर पाऊल टाकलं की पावणेपाच मीटर. जितका आत, तितका नफा आणि तितकीच परतीची वाट लांब. म्हणून जाणकार माणूस चढाईत एकच गोष्ट बघतो, वजन कुठल्या पायावर आहे? मागच्या पायावर असेल तर माणूस अजून घरी परतू शकतो. पुढच्या पायावर पडलं की तो समोरच्यांच्या स्वाधीन झाला. हात लांब करून करून माणूस नकळत वजन पुढे टाकतो, आणि तिथेच पकड होते.

अनुप कुमार : थांबून राहणारा

प्रो कबड्डी सुरू झाली २६ जुलै २०१४ ला, मुंबईत. पहिल्या मोसमापासून यू मुंबाचा कप्तान होता हरियाणाचा अनुप कुमार. २०१५ साली दुसऱ्या मोसमाचं विजेतेपद यू मुंबाने त्याच्याच कप्तानीत मिळवलं, आणि २०१६ साली अहमदाबादला झालेल्या वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये भारताने इराणला ३८-२९ असं हरवलं तेव्हाही कप्तान तोच. डिसेंबर २०१८ मध्ये तो निवृत्त झाला.

अनुपची चढाई पहिल्यांदा बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटते. तो धावत नाही, उड्या मारत नाही. नुसता डावीकडून उजवीकडे फिरतो, हसतो, परत फिरतो. पण पाय बघा. मागचा पाय सतत तयार, टाच किंचित उचललेली. बोनस घ्यायची त्याची पद्धत म्हणजे एक छोटं पाऊल पुढे, एक मागे, परत पुढे. समोरच्याला वाटतं हा आता मागे येणार, आणि नेमकं त्याच वेळी पाऊल रेषेपलीकडे पडून परतसुद्धा आलेलं असतं.

याचं कारण साधं आहे. डोळ्यांनी बघून शरीर हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. अनुप समोरच्याचा हा पाव सेकंद दोनदा खर्च करायला लावतो. आधी खोट्या हालचालीवर, मग खऱ्या. गुण एकच मिळतो, टाळ्याही कमी पडतात. पण सामन्याच्या शेवटी हिशेब केला की ते एक-एक गुणच संघाला पुढे ठेवतात. घाई न करणं हे सुद्धा कौशल्य आहे हे मला अनुपच्या मॅचेस बघून कळलं. व्हायव्हाला त्याचा उपयोग होतो, करून बघा.

रिशांक देवाडिगा : पळता पळता

मुंबईचा रिशांक अनुपच्या बरोबर उलट. त्याचं हत्यार म्हणजे धावता हात. मैदानाच्या एका बाजूने वेगात आत शिरायचं, रुंदी कापत अर्धवर्तुळात पळायचं आणि जाता जाता टोकाच्या किंवा मधल्या खेळाडूला हात लावून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं.

यात अवघड काय? अवघड हे, की वळताना वेग कमी होता कामा नये. बाईकवर हातखंब्याच्या वळणावर आपण जसे आत झुकतो तसाच रिशांक झुकतो. शरीर वर्तुळाच्या आतल्या बाजूला, म्हणजे मध्यरेषेकडे कललेलं, फक्त एक हात बाहेर. कुणी झेप घेतली तरी त्याच्या हाती लागतो तो हात, धड नाही. हात सोडवता येतो, धड सोडवता येत नाही.

२०१७ च्या पाचव्या मोसमात यू. पी. योद्धाकडून खेळताना त्याने जयपूरविरुद्ध एका सामन्यात चढाईचे २८ गुण केले. तो तेव्हाचा विक्रम होता. मग जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राने फायनलमध्ये सेनादलाला ३४-२९ ने हरवलं. महाराष्ट्राचा कप्तान होता रिशांक. अकरा वर्षांनी ते विजेतेपद आपल्याकडे आलं. ज्या राज्यात गल्लोगल्ली 'हुतूतू' खेळत पोरं मोठी झाली त्या राज्याने अकरा वर्षं वाट बघितली, म्हणजे बघा.

प्रदीप नरवाल : खालून निघणारा

रिशांकच्या त्या आकड्याच्या पुढे त्याच मोसमात गेला हरियाणाचा प्रदीप नरवाल. पाटणा पायरेट्सकडून, हरियाणा स्टीलर्सविरुद्ध, एका सामन्यात ३४ चढाई गुण! त्यातली एक चढाई तर गणिताच्या पेपरात विचारावी अशी. समोर सहा जण होते आणि प्रदीपने सहाही जणांना बाद केलं. सहा गुण ते, आणि सगळे बाद म्हणून लोणचे दोन. एका चढाईत आठ!

प्रदीपची ओळख म्हणजे डुबकी. बचाव करणारे दोघे-दोघे हात धरून साखळी करतात आणि चढाईवाल्याला घेरतात. सगळे घाबरून वरून उडी मारायला बघतात. प्रदीप खाली वाकतो, इतका की डोकं समोरच्याच्या कमरेच्याही खाली जातं, आणि हातांच्या साखळीखालून मध्यरेषेकडे सरपटतो.

फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा (ज्यांची केटी आहे त्यांनी तर आठवाच). वस्तूचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी ती उलथवायला अवघड. उभ्या माणसाला छातीवर ढकललं की तो मागे पडतो. वाकलेल्या माणसाला ढकलायला छातीच सापडत नाही. वर पकडणाऱ्याला खाली वाकावं लागतं, म्हणजे त्याचंच वजन पुढे जातं आणि त्याचाच तोल सुटतो. डुबकीत प्रदीपची ताकद पायात असते. गुडघे वाकवून दाबलेल्या स्प्रिंगसारखे ठेवायचे आणि एकदम सरळ करायचे. त्या धक्क्याने दोन-तीन माणसं अंगावर असतानाही त्याचा हात मध्यरेषेपर्यंत पोचतो. २०२५ साली तो निवृत्त झाला तेव्हा प्रो कबड्डीतले त्याचे चढाई गुण होते १८०१.

सिद्धार्थ देसाई : आमचा बाहुबली

इथे मी थोडी पार्शल होणार आहे, कारण सिद्धार्थ आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातला, चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. २०१८ साली सहाव्या मोसमात यू मुंबाकडून आला आणि पहिल्याच मोसमात दोनशेच्या वर चढाई गुण करून गेला. पुढच्या वर्षीच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. २०१४ च्या पहिल्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली होती १२ लाख ८० हजार, हे लक्षात घेतलं म्हणजे या खेळात पाच वर्षांत काय झालं ते कळेल.

सिद्धार्थला लोक 'बाहुबली' म्हणतात आणि त्याची ताकद बघून टाळ्या वाजवतात. पण नुसत्या ताकदीने तो सुटला असता तर प्रत्येक जिममधला गडी चढाईपटू झाला असता! त्याची खुबी अशी, की पकड होण्याच्या क्षणी तो आधीच मध्यरेषेकडे वळलेला असतो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे मोमेंटम. हे गणित तोंड घराकडे असेल तरच उपयोगी. तोंड आतल्या बाजूला असताना धरलं तर तेच वजन तुमच्या विरुद्ध काम करतं. सिद्धार्थचं पुढचं पाऊल बघा, अंगठा तिरका, बाजूच्या रेषेकडे असतो, सरळ आत नसतो. त्यामुळे वळायला त्याला अर्ध्या गिरकीऐवजी पाव गिरकी पुरते. मग दोघे-तिघे कमरेला लोंबकळले तरी त्यांना घेऊन तो घरी येतो.

पुढे दुखापतींनी त्याला बराच काळ बाहेर बसवलं. त्याबद्दल शेवटी बोलू.

कोपऱ्यातली माणसं

चढाईवाल्यांचे फोटो पेपरात येतात. पण आपल्या कोकणात मॅच बघायला बसा, जुनी माणसं आधी विचारतात, "कोपऱ्यात कोण हाय?" सात जणांच्या रांगेत दोन्ही टोकांना उभे असतात ते डावा आणि उजवा कोपरा. त्यांचं मुख्य काम घोट्याची पकड.

घोटाच का? कारण पाय म्हणजे एक लांब लिव्हर आहे आणि त्याचा सांधा आहे कमरेला. सांध्यापासून जितक्या लांब जोर लावाल तितका कमी जोर पुरतो. मांडी धरली तर तगडा माणूस ओढत नेईल. घोटा धरून उचलला की त्याला उभं राहायला एकच पाय उरतो. पण घोट्यासाठी जमिनीलगत झेप घ्यावी लागते, आणि झेप चुकली तर कोपरावाला मैदानावर आडवा आणि चढाईवाला एक गुण घेऊन घरी. म्हणून कोपऱ्याला सगळ्यात जास्त संयम लागतो. आणि तो बघत काय असतो? चढाईवाल्याचे पाय! बोनससाठी पुढचा पाय रेषेवर पडतो आणि मागचा हवेत उचलला जातो, त्या क्षणी सगळं वजन पुढच्या पायावर असतं. तोच तो क्षण.

कल्याणचा गिरीश इरनाक हा डाव्या कोपऱ्यावरचा माझा आवडता. २०१८ च्या जकार्ता एशियाडला रिशांकबरोबर तोही भारतीय संघात होता. उजव्या कोपऱ्यावर आपला माणूस आहे शुभम शिंदे. 'आपला' अशासाठी, की तो चिपळूण तालुक्यातला, म्हणजे याच जिल्ह्यातला. पुणेरी पलटण, बंगाल वॉरियर्स आणि पाटणा पायरेट्स अशा संघांतून तो खेळला आहे. तुम्ही ज्या एस.टी.ने सणाला घरी जाता त्याच रस्त्यावरच्या तालुक्यातला मुलगा टीव्हीवर देशातल्या चढाईवाल्यांचे घोटे धरतो, ही काय साधी गोष्ट आहे?

आणि परदेशी म्हणाल तर इराणचा फझल अत्राचली. डावा कोपरा. यू मुंबा, पुणेरी पलटण अशा आपल्या संघांकडूनही खेळलेला. प्रो कबड्डीत ५०० पकड गुण गाठणारा तो पहिला खेळाडू. फझल घोटा धरून थांबत नाही. घोटा धरला की लगेच उठून खांदा चढाईवाल्याच्या कमरेत घालतो. म्हणजे आधी पाया काढायचा, मग इमारत ढकलायची. सिव्हिलवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कोपरा एकटा पकड करू शकत नाही. त्याने घोटा धरल्यावर पाव-अर्ध्या सेकंदात शेजारचा 'इन' आणि कव्हरवाले आले नाहीत तर चढाईवाला सुटलाच. म्हणून चांगल्या संघात कोपऱ्याने नुसता खांदा हलवला तरी बाकीचे निघतात. हा विश्वास रोजच्या सरावातूनच येतो.

अस्लम इनामदार : दोन्ही बाजूंनी

आताच्या पिढीतला माझा सगळ्यात आवडता खेळाडू म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. चढाई तर करतोच, पण बचावातही तेवढाच उभा राहतो. १ मार्च २०२४ ला हैदराबादला त्याच्या कप्तानीत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही अस्लमच. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि त्याच्याबरोबर नाशिकचा आकाश शिंदेही.

फायनलचा स्कोअर परत बघा, २८-२५. दोन्ही संघ मिळून ४० मिनिटांत ५३ गुण, म्हणजे फारच कमी. ज्यांना उड्या आणि फोडाफोड बघायची असते त्यांना अशी मॅच आवडत नाही. पण अस्लमची पुणे टीम अशीच खेळायची. चढाईत धोका दिसला तर निदान रेषा ओलांडून रिकाम्या हाताने परत यायचं. समोरच्यांना तिसरी चढाई करायला भाग पाडायचं आणि तिथे धरायचं. रिकाम्या हाताने परत येणं याला आपण पराभव समजतो. कबड्डीत तो पुष्कळदा शहाणपणा असतो. बाद होऊन बाकावर बसलेला हिरो संघाच्या काही कामाचा नसतो.

गुडघा

आता ती शेवटी बोलायची गोष्ट. २०२४ च्या अकराव्या मोसमात गुडघ्याच्या दुखापतीमुळे अस्लमला बाहेर बसावं लागलं आणि गतविजेत्या पुण्याचा तो मोसम विस्कटला. २०२५ मध्ये तो परत कप्तान म्हणून उतरला आणि संघाला फायनलपर्यंत घेऊन गेला. दिल्लीकडून ३१-२८ अशी हार झाली, पण तो परत आला हे मला त्या कपापेक्षा मोठं वाटतं.

कबड्डीत गुडघेच का जातात? मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो, त्यामुळे शरीर वळलं की पाऊलही वळतं. मॅटवर बूट घट्ट धरून ठेवतो. चढाईवाला गर्रकन वळतो, पाऊल जागच्या जागी, वरचं शरीर फिरलेलं, आणि त्यातच कुणीतरी बाजूने धडक देतं. हा सगळा पीळ जातो मधल्या सांध्यावर, गुडघ्यावर. तिथे एसीएल नावाचा अस्थिबंध असतो. तो तुटला की ऑपरेशन आणि पुढे कित्येक महिने विश्रांती आणि व्यायाम. म्हणजे ज्या पायांचं मी एवढं कौतुक करतेय, त्याच पायांवर यांचं सगळं करिअर उभं असतं. आपण डिग्रीवर नोकरी मिळवतो, डिग्रीला प्लॅस्टर घालावं लागत नाही.

म्हणून आपल्या ग्राउंडवर खेळणाऱ्यांना हात जोडून सांगते. वॉर्म-अपशिवाय उतरू नका, गुळगुळीत झालेल्या किंवा खिळ्यांच्या बुटांनी कबड्डी खेळू नका, आणि वळताना गुडघा वाकलेला ठेवा. ताठ पायावर वळणं सगळ्यात वाईट.

अभिलाषा म्हात्रे : आणि आम्ही

शेवटचं नाव मुद्दाम मागे ठेवलं. अभिलाषा म्हात्रे, मुंबईची चढाईपटू. मार्च २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला वर्ल्ड कप झाला. भारताने फायनलमध्ये इराणला २५-१९ ने हरवलं. त्या संघात आपल्या तीन मुली होत्या, अभिलाषा, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. २०१४ च्या इंचॉन एशियाडच्या सुवर्णविजेत्या संघातही अभिलाषा होती. २०१५ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला.

महिलांचं मैदान छोटं, १२ बाय ८ मीटर. म्हणजे समोरच्या मुली तितक्याच पण जागा कमी. इथे लांब पळून सुटका नाही. छोटी पावलं, झटकन दिशा बदलणं आणि वजन मागच्या पायावर राखणं, हेच चालतं. काकांचं 'पाय बघ' इथे शंभर टक्के लागू पडतं. खरं सांगू, पायांचं काम शिकायचं असेल तर मुलींची मॅच बघावी. तिथे ताकदीने झाकून नेता येत नाही.

पण बघणार कुठे? २०१६ साली प्रो कबड्डीच्या चौथ्या मोसमाबरोबर मुलींची 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' झाली होती. तीन संघ होते, त्यातल्या आइस दिवाजची कप्तान अभिलाषा. फायनल तर अशी रंगली की स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला एका गुणाने, २४-२३ ने, हरवलं. २०२५ पर्यंत प्रो कबड्डीचे बारा मोसम झाले. त्यात हा प्रयोग झाला तो एकदाच. मुलांच्या बोल्या लाखांवरून कोटींवर गेल्या. मुलींनी मात्र त्यानंतरही हांगझोऊला चिनी तैपेईला २६-२५ ने हरवून सुवर्ण आणलं, आणि ते त्या एशियाडमधलं भारताचं शंभरावं पदक होतं. त्या दिवशी सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलींना खेळायला लीग नव्हतीच.

मी रागावून लिहीत नाहीये. लीग काढणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण बघणारे तयार करणं आपल्या हातात आहे. ज्या खेळाला डोळस प्रेक्षक मिळतो त्याला पैसे देणाराही कधीतरी मिळतो. मुलांच्या कबड्डीचं हेच झालं. खेळ तोच होता, टीव्हीने जवळून दाखवला आणि लोकांना कळायला लागला.

तर मित्रांनो आणि मैत्रिणींनो, या हिवाळ्यात दोन कामं करा. एक, मारुती मंदिरच्या शिवाजी स्टेडियमवर किंवा जवळच्या कुठल्याही वाडीत मॅच असेल तर जा, आणि निदान एक सामना फक्त खेळाडूंच्या कमरेखाली बघत काढा. हसू नका, खरंच सांगतेय. दुसरं, आमच्या कॉलेजच्या मुलींचा संघ रोज संध्याकाळी साडेपाचला मागच्या ग्राउंडवर सराव करतो. आम्ही सध्या आठ जणी आहोत. मी डावा कोपरा. सरावाला समोर सात पाहिजेत, त्यामुळे आणखी सहा जणी हव्यात. पूर्वी खेळलं नसलं तरी चालेल, कॉन्व्हेंटच्या असलात तरी चालेल. गुडघे वाकवता आले की झालं.